संगणकाची स्मरणशक्ती

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात जानेफळ नावाचे गाव आहे. समजा, तेथील एका घरी एक मुलगी संगणकासमोर बसली आहे. शेजारी तिची आजी जात्यावरच्या ओव्या सांगत आहे आणि मुलगी त्या एकेक करून संगणकावर लिहीत आहे. दोन तासांत चाळीस ओव्या लिहून झाल्या. इतक्यात वळवाचा पाऊस आला, वारा सुटला आणि वीज गेली. संगणकाचा पडदा काळा झाला. थोड्या वेळाने वीज परत आली. ओव्या मात्र परत आल्या नाहीत. आजीने त्या पुन्हा सांगितल्या, पण त्यांतील दोन ओव्या तिला काही केल्या आठवल्या नाहीत.

असे का झाले? संगणक बिघडला होता काय? मुळीच नाही. मुलीला संगणकाचा स्वभाव ठाऊक नव्हता, एवढेच.

संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. एक तात्पुरती आणि दुसरी कायमची. तात्पुरत्या स्मृतीला ‘रॅम’ म्हणतात. आपण जे लिहितो ते प्रथम येथे येते. हिच्यातील अतिसूक्ष्म घरांत विजेचा भार साठवून अक्षरांची नोंद होते. हा भार सतत गळत असतो. म्हणून दर सेकंदाला अनेक वेळा तो पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणे थांबते आणि सर्व नोंदी पुसल्या जातात. असे असूनही ही स्मृती वापरतात, कारण ती अत्यंत वेगवान असते.

कायमची स्मृती म्हणजे हार्ड डिस्क. हिच्यातील चकतीवर चुंबकाच्या साहाय्याने नोंद होते आणि वीज गेली तरी ती टिकते. अलीकडच्या पुष्कळ संगणकांत चकतीऐवजी न फिरणारी चिप असते. तिचे कामही हेच. १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने अशी पहिली यंत्रणा विक्रीस आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हमध्ये त्याच्या हजारो पट मजकूर मावतो.

शेतकऱ्याच्या घरची मुले हे सहज समजतील. रॅम म्हणजे खळे आणि हार्ड डिस्क म्हणजे कणगी. खळ्यावर पसरलेले धान्य पावसात भिजते. कणगीत भरलेले टिकते. बुलढाण्याच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. तशा अवाढव्य यंत्रालाही खळे आणि कणगी दोन्ही लागतात.

तेव्हा पहिला नियम असा, की धान्य वेळच्या वेळी कणगीत भरावे. लिहिताना दर पाच-दहा मिनिटांनी ‘सेव्ह’ ही आज्ञा द्यावी. बहुतेक संगणकांवर ‘कंट्रोल’ ही कळ दाबून धरून ‘एस’ ही कळ दाबली की काम होते. काही प्रोग्रॅम आपण होऊन मजकूर साठवतात; परंतु केवळ त्यांवर विसंबू नये. साठवताना फाइलला ‘आजीच्या ओव्या’ असे अर्थपूर्ण नाव द्यावे, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरा नियम असा, की संगणक बंद करताना भिंतीवरील खटका एकदम बंद करू नये. कित्येकदा थोडा मजकूर कणगीच्या वाटेवरच असतो. ‘शट डाउन’ ही आज्ञा दिली म्हणजे संगणक उरलेले लेखन पूर्ण करूनच बंद होतो. पेनड्राइव्हही असाच, आधी ‘इजेक्ट’ ही आज्ञा देऊन मग काढावा.

तिसरा नियम स्वच्छतेचा. संगणक तापतो आणि आतील पंखा त्याला गार ठेवतो. झरोक्यांत धूळ साचली तर हवा खेळत नाही. म्हणून संगणक भिंतीला टेकवून ठेवू नये आणि बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ फडक्याने पुसावा.

परंतु कणगीलाही कधी कीड लागते. हार्ड डिस्क बिघडते; काही दुष्ट प्रोग्रॅम तीत शिरून सर्व फाइली कुलूपबंद करतात. म्हणून जाणता शेतकरी जसे बियाणे निराळे काढून ठेवतो, तशी महत्त्वाच्या मजकुराची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. काम झाले की तो संगणकापासून काढून ठेवावा. आणखी एक प्रत मामाच्या किंवा आत्याच्या घरी असेल तर उत्तमच. एकाच घरावर आलेले संकट मग सर्व प्रती नेऊ शकणार नाही.

संगणकाची स्मरणशक्ती फार मोठी आहे. परंतु काय जपून ठेवायचे, हे त्याला माणसानेच सांगावे लागते. आणि ते वीज जाण्यापूर्वी सांगावे लागते.