संगणकाची वेस व तिचा पहारेकरी

आमच्या विद्यालयाच्या संगणक-कक्षांत एक जुनें यंत्र आहे. त्याची कळ दाबून आम्ही हजेरी घेऊं लागलों, कीं सबंध वर्गाचीं नांवें वाचून होत, तरी तें यंत्र कामास तयार नसे. "सर, हें आतां म्हातारें झालें, भंगारांत द्या," असें मुलें म्हणत. त्याच सुमारास एका पालकांनीं आपल्या घरच्या संगणकाविषयीं हीच तक्रार सांगितली आणि सोयाबीन विकल्यावर नवा घ्यावा काय, असें आम्हांस विचारिलें. पाहतां असें आढळलें कीं, दोन्ही ठिकाणीं यंत्र निकामी झालें नव्हतें. त्याच्या वेशींत सकाळींच गर्दी होत होती. ही गर्दी कशी होते व ती कशी आवरावी, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम संगणक जागा कसा होतो, तें पाहूं. कळ दाबतांच त्याच्या एका चिपमध्यें कायमचा लिहून ठेवलेला छोटा प्रोग्रॅम चालूं होतो. मेमरी, कळफलक इत्यादि अवयव ठीक आहेत कीं नाहींत, हें तो तपासतो आणि मग विंडोज किंवा लिनक्स ह्यांसारख्या कार्यप्रणालीस डिस्कवरून मेमरींत आणण्याची व्यवस्था करितो. ह्या क्रियेस 'बूट होणें' म्हणतात. आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःस वर उचलणें, अशा अर्थाच्या एका इंग्रजी वाक्प्रचारावरून हा शब्द आला आहे. कार्यप्रणाली स्थिर झाली कीं ती एक यादी उघडते आणि तींत ज्यांचीं नांवें असतील, त्या सर्व प्रोग्रॅमांस मालकानें न बोलावितांच हांक मारिते. ह्या यादीस 'स्टार्टअप' असें नांव आहे.

ह्या यादींत नांवें कोण लिहितो? बहुधा आपण नव्हे. नवा प्रोग्रॅम बसवितांना पडद्यावर प्रश्न येतात व आपण ते न वाचतां 'होय, होय' असें दाबीत जातों; तेवढ्यांत तो आपलें नांव नोंदवून घेतो. कित्येक तर विचारीतही नाहींत. गाणीं वाजविणारा, निरोप पोंचविणारा, छपाईयंत्र सांभाळणारा, नवी आवृत्ति आली काय हें पाहणारा, अशा प्रत्येकास वाटतें कीं आपण आधींच जागें असावें, म्हणजे हांक येतांच हजर होतां येईल. एकेकट्याचें म्हणणें वाजवी असेल; परंतु सर्व मिळून ते मालकासच दाराबाहेर तिष्ठत ठेवितात.

जुन्या संगणकांत ही अडचण अधिक जाणवते. आपल्या जिल्ह्यांत जलंबहून खामगांवास जाणारा रेल्वेचा फांटा आहे. कापसाच्या व्यापारासाठीं तो १८७० सालीं उघडला. अशा एकेरी मार्गावर दहा गाड्या एकदम सोडूं म्हटलें, तर काय अवस्था होईल? जुन्या हार्ड डिस्कची गोष्ट अशीच आहे. तिच्यांत फिरत्या तबकड्या असून, त्यांवरील मजकूर वाचणारीं टोंकें एकत्रच हालतात. दहा प्रोग्रॅमांनीं एकदम मागणी केली कीं त्यांस इकडून तिकडे धांवावें लागतें, आणि सर्वांचाच खोळंबा होतो. नव्या एसएसडींत फिरणारा भाग नसल्यामुळें हा खोळंबा पुष्कळ कमी असतो. तथापि नको ते प्रोग्रॅम मेमरी अडवितात, हा दोष तेथेंही राहतोच.

ह्यावरील उपायास पैसा लागत नाहीं. विंडोज १० किंवा ११ असेल, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ह्या तीन कळा एकत्र दाबाव्या, म्हणजे 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यांतील 'स्टार्टअप' ह्या सदरांत ती यादी दिसते. बहुतेक नांवांपुढें त्यांचा भार 'हाय', 'मीडियम' किंवा 'लो' असा दाखविलेला असतो. आरंभीं प्रोसेसरचा १ सेकंदाहून अधिक वेळ घेणारा, अथवा डिस्कशीं ३ एमबीहून अधिक देवघेव करणारा, तो 'हाय' समजावा. जो प्रोग्रॅम रोज लागत नाहीं, त्याच्या नांवावर 'डिसेबल' करावें. ह्यानें तो नाहींसा होत नाहीं. बोलाविल्यावर येतो, एवढेंच. चूक झाली तर 'एनेबल' करून त्यास पूर्ववत् आणितां येतें.

मात्र उतावीळपणा करूं नये, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. आम्हीं एकदां भराभर सहा नांवें बंद केलीं. दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी मराठी मजकूर लिहावयास बसली, तों इंग्रजी अक्षरें उमटूं लागलीं! मराठी कळफलकाचा प्रोग्रॅमही आम्हीं त्यांतच बंद केला होता, आणि नेमकीं कोणतीं नांवें बंद केलीं हें टिपून ठेविलें नव्हतें. म्हणून एका वेळीं एकच नांव बंद करावें, तें वहींत लिहावें आणि दोन दिवस वाट पाहावी. अपरिचित नांवास आधीं ओळखावें, मग हात लावावा.

विषाणुप्रतिबंधक प्रोग्रॅमास तर मुळींच बंद करूं नये. १९८६ सालीं लाहोर येथील दोन भावांनीं केलेला 'ब्रेन' नामक विषाणु फ्लॉपीच्या आरंभींच्या भागांत लपून राही व संगणक त्या फ्लॉपीवरून चालूं होतांच प्रथम स्वतः मेमरींत शिरे. असल्या विषाणूंच्या पारिपत्यासाठीं पुण्यांत कैलास व संजय काटकर ह्या बंधूंनीं १९९० च्या दशकांत 'क्विक हील' हा प्रोग्रॅम तयार केला. शत्रु पहांटे येतो. म्हणून पहारेकऱ्यानें त्याच्याही आधीं उठलें पाहिजे.

आमच्या त्या जुन्या यंत्राचें काय झालें? आतां हजेरी अर्ध्यावर येते न येते तोंच तें तयार असतें. त्या पालकांनींही नवा संगणक घेतला नाहीं. तो पैसा थोरल्या मुलीच्या वसतिगृहाच्या खर्चास उपयोगी पडला. यादी आवरूनही यंत्र मंदच राहिलें, तर डिस्क बिघडली आहे काय किंवा मेमरी अपुरी आहे काय, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. परंतु पैसा खर्चण्यापूर्वीं ही यादी एकदां वाचावी.

यरुशलेमेचा कोट बांधून झाल्यावर नहेम्यानें द्वारपाळ नेमिले आणि ऊन चढेपर्यंत वेशी उघडूं नयेत, अशी आज्ञा केली. त्यानें वेशी कायमच्या लाविल्या नाहींत; त्या केव्हां उघडाव्या, एवढें आपल्या हातीं ठेविलें. विद्यार्थिमित्रहो, संगणकाच्या वेशीविषयीं तुम्हींही इतकेंच करावयाचें आहे.