पोलादी पट्टी की प्लॅस्टिकची?

मालेगाव किंवा भिवंडी येथे कापडाच्या गोदामासमोर ट्रक उभा असतो आणि हमाल त्यात माल चढवत असतात. त्या मालाभोवती चपट्या पट्ट्या घट्ट आवळलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. काही पट्ट्या धातूच्या असतात, तर काही पिवळ्या, निळ्या किंवा हिरव्या प्लॅस्टिकच्या. कोणत्या मालाला कोणती पट्टी लावायची, हे कसे ठरवतात?

धातूची पट्टी पोलादाची असते. उर्दूत ज्याला फौलाद म्हणतात, तेच हे पोलाद. ती फार मजबूत असते आणि ताण पडला तरी अगदी थोडी वाढते. पोलादाच्या कारखान्यातील गरम गुंडाळ्या, लोखंडी सळ्या, धारदार कडांचे पत्रे यांना हीच पट्टी हवी. तेथे प्लॅस्टिक वितळेल किंवा कडेवर घासून तुटेल.

मग सगळा माल पोलादानेच का बांधू नये? कारण माल नेहमी आहे तसा राहत नाही. पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचून बांधली आणि ट्रक कसारा घाटातून हादरे खात उतरला, की खोकी थोडी दबतात. ओले लाकूड वाळले की आकसते. माल आकसला, पण पोलादी पट्टी त्याच्याबरोबर आकसत नाही. ती सैल पडते आणि वळणावर माल घसरतो.

पॉलिएस्टरची पट्टी येथे उपयोगी पडते. हे एक प्रकारचे प्लॅस्टिकच. बांधताना ती ताणली जाते आणि माल दबला की पुन्हा आखडते. त्यामुळे पकड टिकते. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची पट्टी याहून स्वस्त असते, पण काही दिवसांत तिचा ताण कमी होतो. हलक्या खोक्यांना ती पुरते. जड मालाला मी तरी ती सुचवणार नाही.

कापसाच्या गाठीची गोष्ट उलटी आहे. आपल्याकडे एक गाठ साधारण 170 किलोची असते. यंत्राने दाबलेली रुई फुगायला पाहते आणि आतून पट्टीला सतत रेटत राहते. म्हणून या गाठी पोलादी पट्टीने किंवा तारेने बांधण्याची रीत पडली. आता काही ठिकाणी जाड पॉलिएस्टरच्या पट्ट्याही वापरतात. पोलाद पावसाळ्यात गंजते आणि गंजाचा डाग कापसाला किंवा कापडाला लागला, तर तो सहज जात नाही. प्लॅस्टिक गंजत नाही, परंतु महिनोन्‌महिने उन्हात राहिल्यास कमकुवत होते.

खरा धोका पट्टी कापताना असतो. ताणलेली पोलादी पट्टी तुटताच तिची टोके झटक्याने उसळतात. त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. डोळा जाऊ शकतो, हात चिरू शकतो. म्हणून कापणाऱ्याने हातमोजे व चष्मा घालावा, पट्टीच्या रेषेत उभे न राहता बाजूला उभे राहावे आणि पट्टी कापण्याची खास कात्रीच वापरावी. पहार घालून पट्टी तोडू नये. इतरांना आधी दूर करावे. प्लॅस्टिकची पट्टीही उसळते, पण तिची इजा बहुधा कमी असते. आणि पट्टी कोणतीही असो, तिला धरून गठ्ठा कधीही उचलू नये. ती माल बांधण्यासाठी असते, उचलण्यासाठी नव्हे.