तांड्यातील तीज आणि आपली शाळा

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या तालुक्यांतील तांड्यांवर काम करणाऱ्या शिक्षकांना श्रावणातील एक अनुभव परिचित असेल. राखीपौर्णिमा झाली की वरच्या वर्गातील मुली शाळेत उशिरा येऊ लागतात आणि गोकुळाष्टमीच्या सुमारास एक-दोन दिवस तर मुळीच येत नाहीत. हजेरीपटावर त्या दिवसांची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते. परंतु त्या दिवसांत या मुली काय करीत असतात, हे समजून घेतले तर शाळेचा मोठा लाभ होण्यासारखा आहे. तो कसा, हे येथे सांगावयाचे आहे.

तीज हा बंजारा समाजातील अविवाहित मुलींचा सण. नायकाची संमती मिळाली की मुली बांबूच्या लहान टोपल्या आणतात, त्यांत पळसाची पाने अंथरतात, वारुळाची माती व खत घालतात आणि भिजवलेले गहू पेरतात. टोपल्या बहुधा नायकाच्या घराजवळ एके ठिकाणी ठेवल्या जातात. पुढे सुमारे नऊ दिवस मुली विहिरीवरून किंवा ओढ्यावरून पाणी आणून, गाणी म्हणत, ते गहू शिंपतात. काही तांड्यांत शेवटी मातीच्या गणगोर मूर्ती करण्याची रीत आहे. समारोपाच्या दिवशी वाढलेले अंकुर खुडून नायक, कारभारी व वडीलधाऱ्यांच्या पागोट्यांत खोवतात आणि टोपल्या वाहत्या पाण्यात सोडतात. ज्या मुलीचे लग्न ठरले असेल, तिची ही शेवटची तीज. म्हणून आनंदाबरोबर त्या दिवशी डोळ्यांत पाणीही असते.

हा सण आला कोठून? त्याचे नाते थेट राजस्थानच्या वाळवंटी प्रदेशाशी जुळते. तेथील अनेक नगरांत होळीच्या दुसऱ्या दिवसापासून गणगौरीचे व्रत सुरू होते. मुली कुंड्यांत गहू अथवा जव पेरतात, रोज पाणी घालतात, आणि चैत्र शुद्ध तृतीयेस ईसर व गौर म्हणजे शंकर-पार्वती यांच्या मूर्तींची वाजतगाजत मिरवणूक निघते. जोधपूरकडे मुली भोके पाडलेल्या मडक्यात दिवा ठेवून तो घुडला घरोघर नेतात. श्रावणात तेथे तीजही साजरी होते. बुंदी येथील कजली तीज तिकडच्या पंचांगाप्रमाणे भाद्रपद वद्य तृतीयेस येते. उत्तरेकडे महिना पौर्णिमेस संपतो व आपल्याकडे अमावास्येस, म्हणून तीच तिथी आपल्या गणनेने श्रावण वद्य तृतीया ठरते. म्हणजे बुंदीची तीज आणि आपल्या तांड्यांवरची तीज एकाच पंधरवड्यात पडतात. होळीच्या वेळी वर्षभरात जन्मलेल्या बालकासाठी राजस्थानात ‘ढूंढ’ करतात. आपल्या तांड्यांतही ‘धुंड’ होते.

हे नाते दूरच्या प्रवासातून आले आहे. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर नेणे, हा बंजाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय होता. लमाण हे नाव लवण म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे मानले जाते. 1632 साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत भेटलेल्या एका तांड्यात, त्याच्या नोंदीप्रमाणे, 14,000 बैल होते. सैन्याला व बाजारपेठांना धान्य पुरविणारा हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी व पक्के रस्ते आल्यावर बसला. त्यातच 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर जन्माने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. बैल गेले, वाट संपली, तांडे डोंगरउतारावर स्थिरावले. पण टोपलीतले गहू मात्र बरोबर राहिले.

ही गोष्ट तांड्यातील मुलाला शाळेत सहसा ऐकावयास मिळत नाही. तो घरी गोरमाटी बोलतो. आईला ‘याडी’ म्हणतो, भाकरीला ‘बाटी’ म्हणतो, आणि पहिलीच्या वर्गात त्याच्या कानावर दुसरेच शब्द पडतात. तो गप्प बसतो व आपण त्याला मंद समजतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या 2009 च्या कायद्यात शिक्षण शक्यतो मातृभाषेतून व्हावे, असे म्हटले आहे. शिक्षकाने गोरमाटीचे शंभर शब्द जरी शिकून घेतले, तरी त्या मुलाची अर्धी भीती जाईल.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दिवाळी झाली की अनेक तांड्यांतील कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कारखान्याचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तेथील हिशेब असतो. आई व वडील दोघेही फडात, मग मुले कोणाच्या भरवशावर ठेवणार? तीही बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये बसतात. मोठ्या मुलीकडे धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम येते, तिचे वर्ष बुडते, आणि एकदा बुडालेली मुलगी वर्गात पुन्हा क्वचितच येते. पुढे लवकरच तिचे लग्न उरकण्याचा विचार घरात सुरू होतो. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आजी-आजोबांजवळ मूल ठेवता येते. पण ट्रक दारात उभा राहिल्यावर ही गोष्ट सांगून उपयोग नाही. ती आधी सांगावी लागते, आणि ज्याच्यावर विश्वास आहे त्यानेच सांगावी लागते.

तो विश्वास मिळविण्याचा काळ म्हणजे तीज. त्या दिवसांत सारा तांडा घरी असतो, नायक-कारभारी एकत्र बसतात आणि माता लेकींच्या कौतुकात असतात. म्हणून पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

पहिली गोष्ट अशी की, राखीपौर्णिमेपूर्वी नायकाची भेट घेऊन तीज केव्हा पेरणार हे विचारावे व चाचणी परीक्षा त्या दिवसांत ठेवू नये. दुसरी, वर्गातही दोन टोपल्यांत गहू पेरावेत. एक उजेडात व एक अंधारात ठेवावी. अंधारातले अंकुर पिवळे व उंच, तर उजेडातले हिरवे व ठेंगणे का झाले, हे मुलांनी पाहून सांगावे. हरितद्रव्याचा पाठ याहून सोपा कोणता? शंभर दाणे मोजून पेरले व उगवलेले मोजले, तर शेकडेवारीही आली आणि पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण कशी तपासावी, हेही कळले. तिसरी, वर्गातील इतर मुलांना घटस्थापनेतील धान्याची व भुलाबाईची आठवण द्यावी. चैत्र शुद्ध तृतीयेस तिकडे गणगौर, तर आपल्याकडे चैत्रगौर बसते, हे सांगावे. मग तीज ही ‘त्यांची’ राहत नाही. मात्र आईच्या संमतीवाचून मुलींना वेष घालून पाहुण्यांसमोर नाचवू नये. सण हा देखावा नव्हे.

समारोपाच्या दिवशी शिक्षकाने तांड्यावर जावे. निमंत्रण बहुधा मिळतेच. त्याच वेळी एकेका मातेशी बोलून, दिवाळीनंतर मूल कोठे राहणार, हे विचारून यादी करावी. यादी श्रावणात हाती असेल, तर वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर जाईल.

पुसद तालुक्यातील गहुली येथे 1 जुलै 1913 रोजी जन्मलेले वसंतराव नाईक बंजारा समाजातूनच आले. 1960 साली त्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींवरून राज्यात 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी ते मुख्यमंत्री झाले. ज्या व्यवस्थेत आपण शिकवितो तिचा आराखडाच तांड्यातील एका मुलाच्या हातून झाला आहे. आपल्या वर्गात मागे गप्प बसलेल्या मुलीचे नाव हजेरीपटावर मार्चअखेर टिकते की नाही, हे पुष्कळ अंशी श्रावणात आपण तिच्या टोपलीपाशी जाऊन उभे राहतो की नाही, यावर ठरणार आहे.