चाक उतरले, पण विमान पाण्यात!

डिझेल इंजिनाला हँडल मारता मारता हात भरून आल्याचे तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तसेच हँडल एकदा ऐन आकाशात मारावे लागले, त्याची ही हकीकत.

विमानाचे नाव बोइंग ३०७ स्ट्रॅटोलायनर. अशी विमाने जगात अवघी १० बांधली गेली. आत हवेचा दाब राखलेले हे पहिले प्रवासी विमान. त्यामुळे २० हजार फुटांवरूनही माणसे सुखाने प्रवास करू शकत. दहांपैकी उडण्याजोगे एकच उरले, १९४० सालचे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात ते कित्येक वर्षे उभे होते. सिॲटल शहरातल्या बोइंगच्या कामगारांनी, त्यांत निवृत्त झालेलेही आले, बिनपगारी खपून ते पुन्हा उडते केले. संग्रहालयात द्यायचे, पण स्वतः उडत जाईल असे, ही त्यांची जिद्द!

२८ मार्च २००२ रोजी चौघे जण ते घेऊन सिॲटलहून जवळच्या एव्हरेट गावी निघाले. उडताना चाके वर ओढून घेतलेली असतात आणि उतरताना विजेच्या मोटारीने खाली येतात. एव्हरेटला एक चाक खाली येईना. आता एका चाकावर कसे उतरायचे? बैलगाडीची एका बाजूची खीळ निघाली तर काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. इथे तर पंखच जमिनीला घासायचा.

पण जुन्या कारागिरांनी हातहँडलाची सोय करून ठेवली होती. हँडल फिरवून फिरवून चाक खाली आणले.

इथे तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल. तो जरा राखून ठेवा.

दुरुस्तीची सोय सिॲटलला, म्हणून विमान परत फिरले. धावपट्टी जवळ येत असताना एकेक इंजिन आचके देऊ लागले. पेट्रोल संपले होते! खाली भरवस्तीचे शहर. वैमानिकाने विमान वळवले आणि किनाऱ्यालगत इलियट उपसागराच्या पाण्यात टेकवले. ते तरंगत राहिले आणि चौघेही सुखरूप बाहेर आले.

पुढे सरकारी चौकशीत निघाले ते असे: उडण्याआधी टाकीत पेट्रोल नेमके किती, हे नीट पाहिले गेले नव्हते, आणि त्याबद्दल चौघांत पुरेसे बोलणेही झाले नव्हते. टाकीत काडी बुडवून पाहणारा आपला माणूस यावर हसेल. मला मात्र हसू येत नाही. चाक अडले की सगळ्यांचे डोळे चाकाकडेच लागणार.

खारे पाणी धातूला खाते. म्हणून विमान लगेच बाहेर काढून त्याच मंडळींनी पुन्हा कामाला हात घातला. ऑगस्ट २००३ मध्ये ते उडत वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेले आणि आपल्या चाकांवर उतरले.