धडधड, खुळखुळ, घरघर

दोस्तांनो, केळशीच्या समुद्रावर मनसोक्त डुंबून घरी आलात. वाळूने भरलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये कोंबले, बटण दाबलं, आणि थोड्या वेळाने मागच्या पडवीत दणादण सुरू! आजी ओरडते, "बंद कर रे ते आधी!" तिचं ऐकाच. पण मशीनला थपडा मारू नका, कान द्या. आवाज कसला आणि कोणत्या वेळी येतो, यातच मशीनचं दुखणं कळतं.

कपडे पिळताना धडधड होत असेल, तर बहुधा कपड्यांचा एकीकडे गोळा झालाय. एक गणित बघा हं. ड्रमची त्रिज्या २४ सेंटिमीटर, वेग मिनिटाला ८०० फेरे. अशा वेळी एका बाजूला राहिलेला अर्धा किलोचा ओला टॉवेल ड्रमला किती जोराने ओढतो? जवळजवळ ८५ किलो वजनाइतक्या! एखादा भरभक्कम काकाच आत गरगर फिरतोय म्हणा ना. मशीन थांबवा, ड्रम पुरता थांबल्यावरच दार उघडा आणि कपडे सुटे करा. एकटीच जाड चादर असेल, तर सोबतीला दोन-चार कपडे टाका.

तरी नाचतंय? मग पाय तपासा. आपल्या कोकणातल्या चिऱ्याच्या पडवीची जमीन कुठे सपाट असते? गवंड्याची पाणसळ मशीनवर आडवी-उभी ठेवा, नि मोठ्यांच्या मदतीने खालचे पाय फिरवून चारही नीट टेकवा. मशीन नवंकोरं आहे? पुढून दार असलेल्या मशीनच्या पाठीला, प्रवासात ड्रम हलू नये म्हणून लांब बोल्ट लावलेले असतात. ते काढायचे राहिले तर मशीन भयंकर उड्या मारतं.

पाणी बाहेर पडताना खुळखुळ होते? खिशातली नाणी आठवा! केळशीच्या वाळूच्या टेकडीत जुनी नाणी सापडली होती; तुमची पंपाच्या जाळीत सापडतील. बहुतेक मशीनमध्ये ती पुढच्या बाजूला, तळाशी छोट्या झाकणामागे असते. प्लग काढून, पाणी निवल्यावर, खाली परात ठेवून मोठ्यांनीच ती उघडावी. वाळूचे कपडे आधी बादलीत खळबळवले, तर जाळीही खूश.

राहिली घरघर. प्लग काढा, रिकामा ड्रम हाताने फिरवा. खरखरला, तर बेअरिंगवर संशय घ्या. रबरी सील झिजतं, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं नि गंज चढतो. हे काम मात्र मेकॅनिकचंच! तो दापोलीहून येईपर्यंत मशीन अजिबात चालवू नका. फोनवर त्याला नुसतं "आवाज येतो" म्हणू नका. कधी आणि कसा येतो ते सांगा, म्हणजे तो नेमका सुटा भाग घेऊनच एस्टीत बसेल.