कागदपत्रांचे चित्ररूपांतर : वैद्य व औषधनिर्मात्यांसाठी

औषधपत्रावर लिहिलेली मात्रा रुग्णाच्या हाती पडेपर्यंत तशीच राहिली पाहिजे, याविषयी वैद्यांमध्ये दुमत असण्याचे कारण नाही. हस्तलिखित चिठ्ठीच्या काळात प्रश्न केवळ अक्षराच्या वळणाचा होता. औषधपत्रे, रुग्णवृत्ते आणि लेबलांचे मसुदे एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाऊ लागल्यापासून मात्र लिहिणाऱ्याने एक लिहावे आणि वाचणाऱ्याच्या पडद्यावर भलतेच उमटावे, असा नवा प्रकार उद्भवला. प्रस्तुत लेखात या दोषाचे निदान व त्यावरील एक सोपा उपाय, म्हणजे कागदपत्राचे साध्या चित्रफाइलीत रूपांतर, यांचा विचार केला आहे.

प्रथम निदान. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा नावांनी परिचित असलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये 'क' हे अक्षर संगणक 'क' म्हणून साठवीत नाही. तो एखाद्या इंग्रजी अक्षराचा वा चिन्हाचा क्रमांक साठवतो आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचे रूप दाखवतो. समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसते. ती बरी म्हणावी. कारण तीत चूक आहे हे कळते तरी. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतंत्र क्रमांक मिळाले आहेत, तेव्हा नवीन लेखन युनिकोडमध्येच करावे हे उघड आहे. पण तेवढ्याने सर्व दोष जात नाहीत. फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि मोकळ्या जागा सोडून आखलेले तक्ते सरकतात.

कोपर येथील आमच्या चिकित्सालयात एका वैद्यमित्राने पाठविलेले औषधपत्र उघडले असता सूतशेखर रसासमोर '३ ग्रॅम' आणि त्याखालील अविपत्तिकर चूर्णासमोर '२५० मि.ग्रॅ.' असे दिसले. मित्राच्या संगणकावर सर्व यथास्थित होते; आमच्याकडे मात्रांचा स्तंभ एक ओळ वर सरकला होता. पारद व वत्सनाभ असलेल्या कल्पाची ही मात्रा पाहून कोणताही वैद्य थबकेल. पण तोच कागद रुग्णाच्या घरी उघडला असता तर?

औषधनिर्मात्यांच्या बाबतीत हा प्रश्न कायद्याशीही निगडित आहे. औषध नियमावलीच्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या कल्पांच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना इंग्रजीत व हिंदीतही छापावी लागते. छापखान्यात नेमकी ही देवनागरी ओळ बिघडली, तर इंग्रजी मजकूर तपासून समाधान मानणाऱ्याच्या ते लक्षात येणार नाही.

चित्रफाइलीत अक्षरे नसतातच, केवळ ठिपके असतात; म्हणून समोर कोणता फॉन्ट आहे याच्याशी तिला कर्तव्य नाही. शार्ङ्गधरांनी चूर्णाची सवीर्यता दोन महिने व गुटी-अवलेहांची एक वर्ष सांगून आसव, धातू आणि रसकल्प जुने झाले तरी गुणयुक्त राहतात असे म्हटले आहे. टंकलिखित फाइल ही चूर्णासारखी आणि चित्रफाइल ही भस्मासारखी समजावी. दृष्टान्त पुरता लागू नाही, कारण भस्माप्रमाणे चित्रातूनही मूळ द्रव्य परत मिळत नाही, आणि औषधाच्या बाबतीत जो गुण तोच येथे दोष ठरतो : चित्रातील मजकूर सहज दुरुस्त करता येत नाही, शोधताही येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि बाहेर पाठवावयाची प्रत तेवढी चित्ररूप करावी.

कृती सोपी आहे. मात्र ती ज्या संगणकात मूळ फॉन्ट आहे त्याच संगणकावर केली पाहिजे. कागदपत्र प्रथम पीडीएफ स्वरूपात जतन करावे. पाने, फॉन्ट व चित्रे एकत्र बांधून ठेवण्याची सोय तेथे असल्याने पुष्कळदा एवढेही पुरते. चित्रच हवे असल्यास ती पीडीएफ 'गिंप' या विनामूल्य प्रणालीत उघडून इंचाला ३०० ठिपके एवढी घनता निवडावी व पीएनजी प्रकारात जतन करावी. घनतेचा आग्रह निष्कारण नाही. दशांशचिन्हाचा टिंब सुमारे ०.४ मिलिमीटर धरला, तर १०० घनतेस त्याच्या वाट्याला जेमतेम दीड ठिपका येतो, ३०० घनतेस जवळजवळ पाच. '२.५ ग्रॅम' आणि '२५ ग्रॅम' यांत तेवढेच अंतर आहे.

जेपेग हा प्रकार सर्वत्र उघडतो व छायाचित्रांस उत्तम आहे. पण तो जागा वाचविण्यासाठी तपशील टाकून देतो आणि अक्षरांच्या कडांभोवती धूसर डाग सोडतो. पीएनजीत असे काही गमावले जात नाही. आकाराची भीती बाळगू नये. ३०० घनतेचे ए-४ पान म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके. रंगीत व असंकोचित असता ते सुमारे २६ मेगाबाइट भरते, निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्वरूपात एक मेगाबाइटच्या आसपास, आणि पीएनजीत त्याहूनही पुष्कळ कमी. व्हॉट्सअॅपवरून पाठविताना छायाचित्र म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे, अन्यथा ते वाटेत पुन्हा आक्रसते. आयफोनवर २०१७ पासून आलेला एचईआयसी हा प्रकार जुन्या संगणकांवर उघडत नाही. फोनमध्येच जेपेगची निवड करून ठेवावी.

कागद स्कॅन करतानाही गाफील राहू नये. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीजेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतील विलक्षण दोष उघड केला. जागा वाचविण्यासाठी ती यंत्रे सारख्या दिसणाऱ्या अक्षरखंडांना एकच नमुना वापरीत, आणि त्यामुळे सहाच्या जागी आठ असे स्पष्ट, सुबक पण चुकीचे अंक उमटत. पुढे कंपनीने त्यावर दुरुस्ती पुरविली. धूसर अंक वाचणाऱ्यास सावध तरी करतो. सुबक चूक करीत नाही. म्हणून मात्रांचे आकडे मूळ कागदाशी ताडून पाहण्यास पर्याय नाही, आणि ते एकाने वाचावेत व दुसऱ्याने पाहावेत हे उत्तम.

इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनेक सोयी आहेत. रुग्णाचे नाव व निदान असलेला कागद अशा परक्या संगणकावर चढविणे आम्हास मान्य नाही. रुग्णाने आपले गुह्य वैद्याला सांगितलेले असते, त्या सोयीच्या मालकाला नव्हे.

२६ जुलै २००५ च्या महापुरानंतर कल्याण-डोंबिवली परिसरात कागद वाळत घालण्याची वेळ अनेकांवर आली. पिढीजात वैद्यांच्या घरांतील मोडी लिपीतील बाडे, नुसख्यांच्या वह्या व जुन्या नोंदवह्या यांचे चित्ररूपांतर त्यामुळेच अगत्याचे आहे. अशा जीर्ण पानांसाठी रंगीत चित्र घ्यावे, कारण फिकट शाई काळ्या-पांढऱ्या चित्रात पार नाहीशी होते. अशी एक प्रत चिकित्सालयात व दुसरी अन्यत्र असावी.

परवाने व प्रमाणपत्रे यांच्या मूळ प्रती मात्र कदापि टाकू नयेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ अन्वये संगणकीय नोंद पुराव्यादाखल सादर करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. फाइलीला नाव देताना कागदाचा प्रकार, परवाना वा बॅच क्रमांक आणि दिनांक या क्रमाने द्यावे, म्हणजे निरीक्षक समोर बसले असता शोधाशोध करावी लागत नाही.