बॅटरीवर चालणारी बोट

मोठ्या बोटी डिझेलवर चालतात हे आपल्याला माहीत आहे. पण आता विजेवरही बोटी चालतात. गुरुजींनी वर्गात सांगितले, ते मला आवडले म्हणून लिहिते.

युरोपच्या उत्तरेला नॉर्वे देश आहे. तिथे समुद्र डोंगरांच्या मधून लांब आत शिरला आहे. पलीकडच्या काठाला जायला फेरीबोट लागते. तिच्यात माणसेही बसतात अन् गाड्याही चढतात. २०१५ साली तिथे ‘अँपिअर’ नावाची बोट सुरू झाली. गाड्या वाहून नेणारी, फक्त बॅटरीवर चालणारी ती जगातली पहिली मोठी फेरीबोट. तिच्यात १२० गाड्या व ३६० माणसे मावतात. लाविक ते ओप्पेडाल हे सुमारे ६ किलोमीटर पाणी ती २० मिनिटांत ओलांडू लागली. धक्क्याला लागली की गाड्या उतरतात, दुसऱ्या चढतात. तेवढ्या १० मिनिटांत ती वीज भरून घेते.

पण अडचण अशी की तिथली गावे लहान. तिथल्या तारांतून एवढी वीज झटदिशी मिळेना. मग त्यांनी युक्ती केली. दोन्ही धक्क्यांवर एकेक मोठी बॅटरी ठेवली. बोट नसते तेव्हा ती हळूहळू भरते. बोट आली की तिला वीज देते. आपल्या गावची पाण्याची टाकी रात्रभर भरते अन् सकाळी सगळ्या नळांना एकदम पाणी सुटते, तसेच हे आहे.

पुढे नॉर्वेचे सरकार फेरीचे काम देताना कमी धुराची बोट हवी अशी अट घालू लागले. त्यामुळे अशा बोटींना मागणी वाढली. २०२१ साली तर २०० गाड्या नेणारी बॅटरीची बोट आली.

मग सगळीच जहाजे विजेवर का नाहीत? कारण बॅटरी फार जड असते. मुंबईहून आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजाने वाटेत वीज कुठे भरायची? भर समुद्रात विजेचे खांब थोडेच आहेत! पुरेल एवढी बॅटरी ठेवली तर मालाला जागा उरणार नाही. म्हणून जवळच्या फेऱ्यांनाच ती बरी.

काही बोटींत बॅटरीही असते अन् डिझेलचा जनरेटरही. त्यांना हायब्रिड म्हणतात. आमच्या विहिरीवर विजेचा पंप आहे, तरी आबांनी डिझेलचे इंजिन विकले नाही. वीज गेली की ते कामाला येते. केरळात कोची शहरात २०२३ पासून अशा हायब्रिड बोटी माणसांची ने-आण करतात. त्यांना वॉटर मेट्रो म्हणतात. मोठ्या बोटीत १०० माणसे मावतात. त्या कोचीच्याच जहाज कारखान्यात बांधल्या आहेत.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बॅटरीची बोट धूर सोडत नाही. पण तिची वीज कोळसा जाळून केली, तर धूर कारखान्याच्या चिमणीतून निघतोच. नॉर्वेत बहुतेक वीज पाण्यावर होते, आपल्या कोयनेसारखी. म्हणून तिथे पुरा फायदा होतो. तेव्हा बोट विजेची आहे असे कुणी सांगितले, तर वीज कशाची, हेही विचारावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी